चोपणातली विहीर

चौथी बैलगाडी आली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. गड्यांनी गाडीवरचं पिंप आडवं केलं आणि डोंगरी गावचं गोडं पाणी भसाभसा नव्या विहिरीत ओतलं. मुर्ध्याच्या मिठागरावर काम करणाऱ्या बाया रिकामे हंडे कमरेवर घेऊन बघत उभ्या होत्या.

विहीर म्हणायची एवढंच. खाडीकाठच्या खाजणातल्या काळ्या चोपण मातीत खणलेला दोन पुरुष खोल खड्डा होता तो. आत झरा नव्हता. तळाला निळसर चिखल आणि त्यातून सुटलेलं वीतभर खारं पाणी. त्याला सडक्या कोलंबीची घाण येत होती. डोंगराच्या बाजूला मुरमात खणा, असं बायांनी आधीच सांगितलं होतं. पण मुरमाला सुरुंग लागतात आणि लढाईमुळे सुरुंगाची दारू मिळत नाही, असं ठेकेदार दामोदरशेट म्हणाला. चोपणात नुसती कुदळ चालते. त्यानं इथंच खणलं. आज ती विहीर बघायला वरचे सरकारी साहेब येणार होते.

त्या बायांतल्या गोदूबाईनं पिंपाखाली हंडा धरला. "येवढं पानी द्या, शेट. माजी सून सात महिन्यांची हाय. सकालपासून घरात घोट न्हाय."

घोट नव्हता, कारण आज कुणी डोंगरीला पाण्याला जायचं नाही, सगळ्यांनी विहिरीपाशी थांबायचं, असा शेटचाच हुकूम होता.

शेटनं पायानं हंडा बाजूला सारला. "विहिरीतनं घे की. साहेबांसमोर पहिला हंडा तूच काढायचास. आणि पाणी गोड आहे म्हणायचं."

गोदूबाई त्या चार गाड्यांकडे बघत राहिली. वर्षभर त्या बाया दीड कोस चालून डोक्यावर पाणी आणत होत्या. पाण्याला गाड्या मिळतात, हे तिला आजच कळत होतं.

साहेब आले. नारळ फुटला. गोदूबाईनं दोर सोडला आणि हंडा वर ओढला. पाणी राखाडी होतं. वर चिखलाचा पापुद्रा सायीसारखा धरला होता. तिनं ओंजळभर तोंडात घेतलं. आधी खारट लागलं, मग कुजकं. ती थुंकली. थुंकी साहेबांच्या बुटापासून हातभर लांब पडली.

"कसं आहे पाणी, बाई?" साहेबांनी नाकावरचा रुमाल न काढता विचारलं.

"तुमाला वास येतोय ना सायेब, तसंच हाय."

साहेबांनी शेटकडे पाहिलं. शेट हसला. "नवी विहीर आहे साहेब. गाळ बसला की निवळेल."

"निवळेल," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद बाहेर काढला. "पाणी पिण्याजोगं आहे, असं इथल्या एका माणसानं लिहून द्यायला हवं. अंगठा चालेल."

गोदूबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. शेटनं गर्दीवरून नजर फिरवली. "चांगा, ये रे इकडं."

चांगा गोदूबाईचा मुलगा. मिठागराचा ठेकाही शेटकडेच असल्यानं तो त्याच्याच हाताखाली राबत होता. खाली मान घालून तो पुढं आला.

"सांग साहेबांना, कसं आहे पाणी?"

"गोड हाय," चांगा म्हणाला. त्यानं ते पाणी चाखलंही नव्हतं. शेटनं त्याचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेब शेटच्या मांडवात जेवायला गेले.

गोदूबाई तोच हंडा घेऊन घरी आली. दुसरं पाणी नव्हतंच. मंजी, तिची सून, चटईवर पडून होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. थोड्या वेळानं चांगा आला आणि उंबऱ्यावर बसला. कुणाकडेही बघेना.

गोदूबाईनं हंड्यातून तांब्या भरला आणि त्याच्यापुढं धरला.

"पी. गोड हाय ना?"

चांगानं मान वर केली. आई हात मागं घेईल, असं त्याला वाटलं असावं. तिनं घेतला नाही. मग त्यानं तांब्या तोंडाला लावला. मध्येच एकदा त्याला ओकारी आली. शाईनं निळा झालेला अंगठा त्यानं ओठांवर दाबून धरला, आणि पुन्हा प्यायला लागला. सगळा तांब्या संपवला.

गोदूबाईला चांगाची किळस आली होती. आता तांब्या पुढं करणाऱ्या आपल्याच हाताची आली.

मंजी कोपरावर उठली. "आये, मना पन दे थोरं."

चांगा ताडकन उभा राहिला. त्यानं हंडा उचलला आणि दारात नेऊन पालथा केला. मग तो रिकामा हंडा डोक्यावर घेतला आणि डोंगरीच्या वाटेला लागला. मिठागरावरचा पुरुष हंडा कधी डोक्यावर घेत नसे. वाट शेटच्या मांडवावरून जात होती. तिथं पंगत रंगात आली होती.

"काय रे चांगा, कुठं निघालास?" मांडवातून शेटचा आवाज आला.

"पान्याला!" चांगा ओरडला. थांबला नाही.

दारात ओतलेलं पाणी तसंच उभं होतं. मुरलं नाही, वाहूनही गेलं नाही. चांगा परत आला तेव्हाही ते तिथंच होतं. भरला हंडा दोन्ही हातांनी सांभाळत त्यानं त्याला वळसा घातला आणि तो आत शिरला.