बिनकुलपाचा डबा

कुंदानं पत्र्याचा जुना डबा पालथा घातला, तळावर खिळा धरला आणि हातोडी हाणली.

"अगं, आईचा लाडवांचा डबा तो!" नवरा ओरडला.

"म्हणूनच!"

पोटुशी असताना तिनं याच डब्यातला एक लाडू मागितला होता. सासूबाईंनी कमरेच्या किल्लीवर नुसता हात ठेवला. कुलूप उघडलं नाही. आणखी चार भोकं पाडून कुंदानं कडीकोयंडा उचकटला, माती भरली, चपलेनं रगडलेले धणे पेरले.

महिन्याभरात डबा कोथिंबिरीनं भरला. काठी टेकत सासूबाई त्याच्यापाशी येऊन थबकल्या.

"कुंदा, चार काड्या घेऊ का गं?"

तीस वर्षं असं कुंदा विचारत आली होती.

"विचारायचं नाही," ती ठणकावून म्हणाली. "या घरात आता कुणी कुणाला विचारायचं नाही. खुडा!"