देवीचा कौल

गुरवाने देवीच्या छातीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

गाव थोडंथोडं करून तालुक्याच्या शहरात गेलं होतं. कोणी शाळेसाठी, कोणी दवाखान्यासाठी, कोणी बायको मिळावी म्हणून. सरपंचही तिथूनच गाव चालवत. पालखीला खांदे उरेनात, तेव्हा देवीलाच तिकडे न्यायचं ठरलं. गुरव तेवढा मागे राहिला होता, कारण देवी इथे होती. आज कौलासाठी सगळे शहरातून आले होते.

"बाये, लेकरांनी थंय तुझां देऊळ बांधलां हा. तुका येवचां आसात तर उजवो कौल दी!" गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

उजवी पाकळी पडली. लोकांनी व्हिडिओ काढले.

"आणि माझां काय?" गुरवाने विचारलं.

"थंय भटजी ठेवलो हा," सरपंच म्हणाले. "तुमचां तुमी देवीकच इचारा."

त्याने पुन्हा पाकळ्या लावल्या. "बाये, मी तुझ्यावांगडा येव?"

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने ओरडले.

डावी पाकळी पडली.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कौल मोडायचा नसतो, हे गावाला त्यानेच जन्मभर शिकवलं होतं.