फुकटचं चेकअप

रिपोर्ट दुसऱ्यांदा वाचून हरेश डॉक्टरांनी चष्मा काढला.

"श्यामसुंदरना छातीत दुखत होतं?"

"नाही," सुचित्रा म्हणाली.

"जिना चढताना दम?"

"लिफ्ट महिनाभर बंद होती. माझ्या पिशव्यासुद्धा तेच वर आणत होते."

"मग गेलात कशाला तिथे?"

सुचित्रा ओशाळली. नवऱ्याच्या कंपनीचं चेकअप पॅकेज एकतीस मार्चला लॅप्स होणार होतं. फुकटचं वाया घालवणं तिच्या जिवावर आलं. तिनेच त्यांना नेरूळच्या त्या चकचकीत हॉस्पिटलात पिटाळलं. सत्तावीस तपासण्या आणि वर इडलीचा नाश्ता. ईसीजी जरा बॉर्डरलाइन आहे म्हणाले, म्हणून इको. मग स्ट्रेस टेस्ट, मग अँजिओग्राफी. घरून चालत गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळपर्यंत हार्ट पेशंट झाला. किळस यावी असा धंदा, आणि करणारे बोलायला किती गोड! मॅडम, मॅडम करत पाणीसुद्धा विचारत होते.

खांदेश्वरला राहत असताना वीस वर्षं हेच त्यांचे डॉक्टर. नेरूळला फ्लॅट घेतल्यावर येणं राहून गेलं. आज ती फाइल घेऊन एकटीच आली होती.

"थांबलात तर चोवीस तासांची गॅरंटी नाही, असं म्हणाले ते," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, स्टेंट लागतो की नाही?"

"तीस टक्के ब्लॉक आहे, ताई. साठीला आलेल्या कितीतरी लोकांत सापडेल. माझ्यातही असेल. गोळी घ्यायची, रोज चालायचं. संपला विषय."

"नक्की?"

"लिहून देतो. माणसाला घाबरवायचं आणि सही घ्यायची. माझ्याच पेशातली माणसं ही, सांगायला लाज वाटते." त्यांनी फाइल तिच्याकडे सरकवली. "तारीख दिली होती का?"

"मंगळवारची."

"जायचं नाही. फोन आला तर उचलू नका. श्यामसुंदरना माझ्याकडे पाठवा, मी समजावतो."

सुचित्राने कागद एकेक करून फाइलमध्ये लावले. शेवटचा काही केल्या नीट बसेना.

"तो मंगळवार होऊन गेला, डॉक्टर," ती म्हणाली. "सही मीच केली. ते टेबलावरच गेले."