नाव नसलेली वाट

"मॅडम, पेशंट येऊन बसलेत. मशिनं कधी जोडताय?" डायलिसिसच्या सिस्टरचा हा तिसरा फोन.

हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळणारी वैजयंती स्क्रीनवरची यादी पुन्हा चाळू लागली. नव्या विभागाला नेटवर्कमध्ये वेगळी वाट, म्हणजे व्हीलॅन हवी होती. हॉस्पिटलच्या जुन्या स्विचमध्ये अशा चौसष्टच वाटा मावत आणि सगळ्या भरलेल्या. यादीत एकीपुढे नाव नव्हतं. तीन महिन्यांत तिच्यावरून कसलाच डेटा गेला नव्हता. मन कचरत होतं, तरी तिने ती पुसून डायलिसिसला दिली.

"लागलं हो, मॅडम!" सिस्टरचा फोन आला.

वैजयंतीचा जीव भांड्यात पडला. स्वतः बघून यावं म्हणून ती लिफ्टने निघाली आणि लिफ्ट मध्येच अडकली. मोबाइलला रेंज नव्हती. तिने हॉस्पिटलच्या नेटवर्कवरच चालणाऱ्या मदतीच्या फोनचं लाल बटण दाबलं, पुन्हा दाबलं. फोन मुका होता.

तीन महिन्यांत या लिफ्टमध्ये कुणी अडकलंच नव्हतं.