पाचवा बोळा

ट्रेमध्ये स्पिरिटचे कापसाचे चारच बोळे होते. आणि औषधाच्या बाटलीत तिने सकाळपासून पाच वेळा सुई घातली होती.

चौथ्या खेपेपर्यंत हिशेब जुळला होता. तिने पुन्हा मोजले. चार. टेबलाखाली वाकून पाहिलं, कचऱ्याची पिशवी उलटीपालटी केली, ॲप्रनचे खिसे चाचपले. दर खेपेला सुई घालण्याआधी बाटलीचं रबरी बूच ताज्या बोळ्याने पुसायचं आणि बोळा ट्रेमध्ये ठेवायचा, ही सवय तिनेच अकरा वर्षांपूर्वी स्वतःला लावून घेतली होती. तेव्हा सगळे तिला हसले होते. आज त्याच सवयीने तिच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

पाचवी सिरिंज शिशाच्या डबीत तयार होती. स्कॅनआधी टोचायचं हे किरणोत्सारी औषध म्हणजे भलतंच नाशवंत. सहा तासांत अर्धं उरतं, रात्रीपर्यंत कुचकामी. त्यात जंतू शिरलेत का याची तपासणी होते, नाही असं नाही, पण निकाल यायला चौदा दिवस लागतात. तोवर औषध कुणाच्या तरी रक्तात फिरून संपलेलं असतं. तेव्हा भरवसा काय तो तिच्या हातांचा. आणि हातांना आज काही आठवत नव्हतं.

काचेपलीकडे म्हातारा बाही वर करून बसला होता, सकाळपासून उपाशी. हृदयाचं स्कॅन आज झालं तर उद्या ऑपरेशन, नाहीतर तारीख तीन आठवडे पुढे. शेजारी त्याची मुलगी, पन्नाशीची, बोलकी. तिच्या डाव्या बुटाला चार बोटं जाड तळ होता. सकाळी नाव नोंदवताना तिनेच हसत सांगितलं होतं, "चार वर्षांची होते, ताप आला, जाताना पाय घेऊन गेला. तेव्हापासून मी कुठेच वेळेवर पोचत नाही." म्हातारा तेवढा हसला नव्हता.

डॉक्टर दारात आले. "अहो, पडला असेल बोळा कुठेतरी. द्या ते औषध."

"बूच पुसल्याचं आठवत नाही, डॉक्टर."

"न पुसल्याचं आठवतंय का?"

तिने सिरिंज उचलली, दोनदा खाली ठेवली. मग टाकाऊ औषधांच्या शिशाच्या डब्यात टाकली. त्याच सुईने बाटलीचं बूच टोचलं होतं, म्हणजे बाटलीही गेली. दिवसातली ती शेवटची होती. डॉक्टर पाठ फिरवून निघून गेले.

बाहेर येऊन तिने कसंबसं सांगितलं. "काका, तुमचं औषध मी टाकून दिलं. बूच पुसलं होतं की नाही याची मला खात्री नाही. नवीन बाटली उद्या येईल."

मुलीचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "बूच न पुसताना तुम्हाला कुणी पाहिलं होतं?"

"नाही."

"मग? यांचं हृदय तीन आठवडे तग धरेल, याची आहे का खात्री?"

नव्हती. मघापासून तिला तेच तर कुरतडत होतं.

"माझे बाबा तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते, मॅडम," मुलगी म्हणाली. "काचेच्या सिरिंजा, सुया, सगळं स्वतः उकळून घ्यायचे. दारात ही रांग असायची. त्यांना नाही कधी असा विसर पडला."

"पडला होता," म्हातारा म्हणाला.

दोघींनी वळून पाहिलं. तो बाही खाली करत होता. मनगटाचं बटण काही केल्या लागत नव्हतं.

"सुई उकळली की नाही, आठवेना. पोर तापाने फणफणली होती, पुन्हा पाणी तापवायला वेळ नव्हता. तशीच मांडीत टोचली." त्याने बटण सोडून दिलं आणि मुलीच्या जाड तळाच्या बुटाकडे पाहिलं. "तिथेच पू धरला, हाडापर्यंत गेला. तू चार वर्षांची होतीस."