सात गोलांचं आख्यान

"अगं, चपला जवळच ठेव. मधूनच उठावं लागेल," खर्शीकर साहेब बायकोच्या कानात कुजबुजले. एकतीस वर्षं हॉकी क्लबचे मॅनेजर राहून आज ते निवृत्त होत होते. निरोपाला भाषणांऐवजी कीर्तन ठेवलं होतं, आणि टाळ घेऊन उभे राहिलेले निगुडकरबुवा म्हणजे साहेबांनीच एकेकाळी संघातून काढलेले गोलकीपर होते.

बुवांनी आख्यान लावलं तेही साहेबांच्याच कारकिर्दीचं. "चषक दोन," ते म्हणाले, "आणि एका सामन्यात माझ्या पायांतून गेलेले गोल सात." मंडप हसला. साहेबांनी मान खाली घातली.

"गोलपोस्टखाली मी डोळे मिटून अभंग म्हणायचो. साहेबांनी मला काढलं, आणि दुसऱ्याच दिवशी सायकलवर डबलसीट घेऊन माझ्या गुरूंच्या दारात सोडलं. म्हणाले, याला अडवता येत नाही, पण गाता येतं. संघात ठेवलं असतं तर मी या गादीवर आलोच नसतो."

बुवांनी आपल्या गळ्यातला हार साहेबांच्या गळ्यात घातला. साहेबांनी डोळे पुसले आणि बुवांचा हात धरून हळूच म्हणाले, "बुवा, आत्ताचा गोलकीपरही फार सुरेल आहे हो. त्याला आजच घेऊन जाता का?"