चार वाजताचा फोन

हातावर निळा शिक्का घेऊन रंगनाथ घरी आले, ते थेट पडवीच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

"चौदा दिवस आत यायचं न्हाई. ताट उंबऱ्यावर ठिवत जा."

"आन् तुमच्याशी बोलायचं कसं?" गोजरबाईंनी बाहेरून विचारलं.

"खिडकी हाय की. आजवर काय मांडीला मांडी लावून बोलत हुतो व्हय?"

गोजरबाईंना हसू आलं आणि तेवढ्यात डोळेही भरले. दुबईला शेतमालाचं प्रदर्शन होतं. रंगनाथांसह मिरजगावचे सहा लिंबू बागायतदार हौसेनं गेले. परतीच्या विमानात पुढच्या रांगेतल्या एकाला तो नवा आजार निघाला. आता त्या विमानातला एकेक माणूस हुडकून त्याला घरात बसवणं चाललं होतं. रंगनाथांची साठी उलटलेली, त्यात जुना दमा.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावून गोजरबाईंनी श्रीरामपूरला मुलीला फोन केला. महिन्यातून एकदा करायच्या, नवऱ्याला न कळू देता. चार वर्षांपूर्वी राजेश्वरीनं तिथल्या एका ख्रिस्ती घरातल्या मुलाशी लग्न केलं. त्याच दिवशी रंगनाथांनी खंडोबापुढं बेल-भंडारा उचलला, राजेश्वरीशी जन्मात बोलणार नाही. बेल-भंडाऱ्याची शपथ त्या घरात आजवर कुणी मोडली नव्हती.

"राजी, तुझ्या बाबांना काय झालं तर..." गोजरबाईंना पुढं बोलवेना.

"बरं. सांभाळ आई," म्हणून राजेश्वरीनं फोन ठेवला.

एवढंच? पोटची पोर आणि एवढंच?

दुसऱ्या दिवशी चार वाजता रंगनाथांचा मोबाईल वाजला. गोजरबाई खिडकीखाली शेंगा फोडत होत्या.

"व्हय, रंगनाथच. कोन? आरोग्य केंद्र?" आत जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते खाकरले. "बोला मॅडम."

ताप नाही. खोकला थोडासा, नेहमीचाच. विमानात एका बाजूला गावचे काकासाहेब बसले होते, दुसऱ्या बाजूला खिडकी.

"खिडकीतून? समुद्र दिसला की मॅडम! वरून बघितला तर हालतच न्हाई. वाळत घातलेलं लुगडं जनू. आन् मुंबई आली तसे खाली दिवेच दिवे..."

पाच मिनिटांनी त्यांनी फोन ठेवला, तेव्हा गोजरबाईंनी विचारलं, "सरकारला समुद्र कशाला पायजे?"

"समदं लिहून घ्यावं लागतं त्यान्ला. आजार कुठनं कसा आला, हुडकायचं आसतंय."

मग रोज चारला फोन येऊ लागला. सकाळी आरोग्य केंद्राची आशाताई रुपाली फाटकाशी उभी राहून ताप-खोकला विचारून जायची, पण गोजरबाईंचा जीव अडकलेला असायचा चारच्या फोनात. सकाळचा पेपर रंगनाथ खिडकीतून मोठ्यानं वाचायचे. आज इराण, आज स्पेन, आज आणखी पाच. आजार पोचलेल्या प्रत्येक देशामागं एक जप करायचा, असा गोजरबाईंनी नेम धरला होता. देश वाढत गेले. एकशे आठ मण्यांची माळ पुरेना.

सहाव्या दिवशी रंगनाथांना ताप भरला. रुपालीनं घशातला नमुना न्यायला माणूस बोलावला आणि अहवालाला तीन दिवस लागतील म्हणून सांगितलं. त्या दिवशी मॅडमचा फोन चार वेळा आला.

"दम्याचा पंप उशाशीच हाय, मॅडम. व्हय, वाफ घेतली. न्हाई, गूळ-शेंगदाणं न्हाई खात, खोकला वाढतोय, ठावं हाय मला."

"देव त्या पोरीचं भलं करो," गोजरबाई खिडकीशी म्हणाल्या. "परकी असून एवढं इचारती. न्हाईतर आपली..."

"आपल्या पोरीला नावं ठिवू नको."

गोजरबाईंचा हात शेंगेवरच थांबला. चार वर्षांत त्या माणसानं 'आपली पोर' असा शब्द काढला नव्हता. ताप डोक्यात गेला की काय, म्हणून त्यांनी घाबरून अंगारा खिडकीतून आत दिला.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. अहवाल चांगला आला, साधाच ताप होता. तरी चौदा दिवस भरायचेच होते.

चौदाव्या दिवशी रुपाली आली आणि फाटकावर चिकटवलेला विलगीकरणाचा कागद काढू लागली. गोजरबाईंनी तिच्या हातावर लांबूनच साखर ठेवली.

"तुमच्या मॅडमला बी सांगा बाई. रोज चारला फोन केला त्यांनी. लई आधार झाला."

"कोन मॅडम?"

"तुमच्या केंद्रातल्या."

"काकू, केंद्रातनं कुनी फोन करत न्हाई. फोनवर भागलं आसतं, तर मी कशाला हिंडले आसते उन्हातान्हात?"

गोजरबाई तिच्याकडं बघत राहिल्या. दम्याचा पंप. गूळ-शेंगदाणे. खिडकीतून काय दिसलं. एकेक त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी वळून पाहिलं. रंगनाथ खिडकीतच उभे होते. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं.

दुपार झाली. गोजरबाईंनी जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवलं, तसंच उचललं. शपथेला एवढं जपणारा माणूस. आता लेकीचा फोन कायमचा बंद होणार होता.

चार वाजले. मोबाईल वाजला. वाजतच राहिला. गोजरबाईंनी खिडकीखाली बसून डोळे मिटले.

मग आतून आवाज आला.

"बोला मॅडम. व्हय, आज संपलं चौदा दिवस." थोडं थांबून ते घाईनं म्हणाले, "आवो, रडू नका. आन् थांबा, नाव सांगू नका. पयल्या दिवसापासनं मी इचारलं न्हाई, तुमी बी सांगू नका. न्हाईतर उद्या चारला मी कुनाशी बोलू?"